अवयवदान वाढावं म्हणून सरकारं काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अवयवदानाचा फॉर्म कुठे मिळतो, हे सगळ्यांना सापडतं. कायदा असा का आहे, तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नुसता कागदावर राहतो, हे मात्र लोक पुन्हा पुन्हा विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. हा ज्याचा त्याचा खाजगी निर्णय आहे. सरकारने यात पडायचं कारणच काय?

निर्णय खाजगी आहे, पण त्यानंतरचं जवळजवळ काहीच खाजगी नाही. काढलेलं हृदय साधारण 4 ते 6 तासांत दुसऱ्या शरीरात धडधडायला लागावं लागतं. यकृताला थोडा जास्त वेळ मिळतो, मूत्रपिंडाला एक दिवस किंवा किंचित अधिक. तेवढ्या वेळात मृत्यू कुणी जाहीर करायचा, यादीतल्या कुणाला बोलवायचं, वाहतूक कुणी मोकळी करायची, हे आधीच ठरलेलं नसेल तर घरच्यांनी होकार देऊनही अवयव वाया जातो.

शिवाय कायद्याचं संरक्षण नसेल, तर हृदय धडधडत असलेल्या शरीरातून अवयव काढणारा डॉक्टर गुन्हेगार ठरू शकतो. भारतात मेंदूमृत्यूला (मेंदूचं काम कायमचं थांबण्याला, प्रश्न 2 पाहा) कायदेशीर मान्यता मिळाली ती 1994 च्या कायद्याने, जपानमध्ये 1997 मध्ये. त्याआधी इच्छा असूनही हे दान करता येत नव्हतं. म्हणजे मृत्यूची व्याख्या करणं, रांग लावणं आणि खरेदी-विक्री रोखणं ही सरकारची कामं आहेतच. लोकांना प्रोत्साहन देण्याचा भाग त्यानंतर येतो, आणि ही तीन कामं कच्ची राहिली असतील तर कितीही प्रोत्साहन दिलं तरी ते पोकळ ठरतं.

2. अवयव हवेत म्हणून डॉक्टर घाईघाईने 'मेंदूमृत' म्हणत असतील तर?

सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात रास्त प्रश्न. मेंदूमृत्यू आणि कोमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो, तो शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूमृत्यूमध्ये मेंदूस्तंभासकट (श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागासकट) मेंदूचं काम कायमचं थांबलेलं असतं आणि छाती हलते ती केवळ व्हेंटिलेटरमुळे.

भारतात हे चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं: रुग्णालयाचा प्रमुख किंवा प्रभारी डॉक्टर, मेंदूविकाराचा तज्ज्ञ, उपचार करणारा डॉक्टर आणि मान्यताप्राप्त यादीतला आणखी एक स्वतंत्र तज्ज्ञ. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतलं कुणीही यात बसू शकत नाही. तपासण्या दोनदा होतात आणि त्यांत किमान 6 तासांचं अंतर ठेवावं लागतं. डोळ्यांवर प्रकाश टाकतात, बुबुळाला कापसाने स्पर्श करतात, घशात नळी हलवून खोकला येतो का पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून नळीतून नुसता ऑक्सिजन देतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. तो ठराविक पातळीच्या वर गेला तरी छाती जराही हलली नाही, तर मेंदू श्वासाची आज्ञा देत नाही, हे सिद्ध होतं.

मात्र भारतात ही सगळी व्यवस्था प्रत्यारोपणाच्या कायद्यात बांधलेली आहे. त्यामुळे दानाचा विषय निघाला तरच मेंदूमृत्यू जाहीर होतो, असं चित्र अनेक ठिकाणी दिसतं आणि लोकांचा संशय वाढतो. दान होवो न होवो, निकष पूर्ण झाले की प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत तो जाहीर व्हायला हवा. मग 'अवयवांसाठी जाहीर केलं' असं म्हणायला जागाच उरणार नाही.

3. मी ऑनलाइन नोंदणी केली, कार्डही आलं. आता दान पक्कं ना?

भारतात नाही. अवयव प्रत्यारोपणाचं काम पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, 'नोट्टो'ने, 2023 पासून आधारशी जोडलेली ऑनलाइन नोंदणी सुरू केली आणि काम खूप सोपं झालं. पण प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती घेतल्याशिवाय कुठलंही रुग्णालय पुढे जात नाही. अमेरिकेत याच्या उलट आहे: सज्ञान व्यक्तीने स्वतः केलेली नोंदणी कायद्याने बंधनकारक असते आणि घरच्यांना ती मोडता येत नाही. ब्रिटनमध्ये नोंदणीला कायद्याचा आधार आहे, तरी व्यवहारात कुटुंबाशी बोलल्याशिवाय काही केलं जात नाही.

म्हणून कार्ड पाकिटात ठेवून गप्प बसू नका. रुग्णालयात तुमच्याजवळ जे दोन-तीन जण असतील, त्यांना आजच स्पष्ट सांगा. 'त्यांची काय इच्छा होती?' या प्रश्नाला घरातल्या एकानेही ठाम उत्तर दिलं, तरी पुढचं बोलणं बदलतं.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अवयवदान शक्य होईल अशा परिस्थितीत फार थोडे मृत्यू होतात. ब्रिटनमध्ये हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. लाखो नोंदण्या होऊनही दाते मोजके का, याचं एक मोठं कारण हे आहे.

4. 'नको' असं लिहून दिलं नसेल तर होकारच समजायचा, असा कायदा केला की प्रश्न सुटेल ना?

याला गृहीत संमती म्हणतात. सिंगापूरमध्ये ती 1987 पासून आहे. वेल्सने 2015 मध्ये, इंग्लंड आणि नेदरलँड्सने 2020 मध्ये, स्कॉटलंडने 2021 मध्ये आणि उत्तर आयर्लंडने 2023 मध्ये ती आणली. जर्मनीच्या संसदेने 2020 मध्ये मतदान करून ती नाकारली.

या कायद्याच्या बाजूने 2003 सालचा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. ऑस्ट्रियात संमतीचं प्रमाण जवळजवळ 100 टक्के, शेजारच्या जर्मनीत 12 टक्के, असा त्यातला आकडा. आकडा खरा आहे, पण तो कागदावरच्या संमतीचा आहे, प्रत्यक्षात मिळालेल्या अवयवांचा नाही. ऑस्ट्रियातल्या प्रत्येकाने विचार करून होकार दिला, असा त्याचा अर्थ होत नाही. बहुतेकांनी काहीच केलं नाही, एवढंच त्यातून कळतं.

ब्राझीलचा अनुभव तर उलटा आला. तिथे 1997 मध्ये असा कायदा झाला आणि सरकारी रुग्णालयांवर विश्वास नसलेले लोक ओळखपत्रावर 'दाता नाही' असं लिहून घ्यायला धावले. 1998 मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. जिथे यंत्रणेवर भरवसा आहे तिथे गृहीत संमतीची थोडी मदत होते. जिथे तो नाही, तिथे हाच कायदा लोकांना सरकारने आपल्या शरीरावर हक्क सांगितल्यासारखा वाटतो. स्पेनचा दाखला या चर्चेत हमखास निघतो, तो पुढच्या प्रश्नात पाहू.

5. स्पेन जगात सगळ्यात पुढे आहे. त्यांनी नेमकं काय केलं?

स्पेनमध्ये गृहीत संमतीचा कायदा 1979 मध्येच झाला. पुढची दहा वर्षं त्याने फारसं काही घडलं नाही. 1989 मध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे साधारण 14 मरणोत्तर दाते होते. त्याच वर्षी राफाएल मातेसान्झ या मूत्रपिंडविकार तज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभी राहिली. दहा वर्षांत हा आकडा 30 च्या पुढे गेला आणि अलीकडच्या वर्षांत 45 च्याही वर पोहोचला. भारतात तो अजून 1 सुद्धा नाही.

कायदा तोच राहिला, बदललं रुग्णालय. दाता मिळू शकेल अशा प्रत्येक रुग्णालयात एक प्रत्यारोपण समन्वयक नेमला गेला. तो बाहेरचा अधिकारी नसून बहुतेक वेळा त्याच रुग्णालयातला अतिदक्षता विभागाचा डॉक्टर असतो. तो आपलं नेहमीचं काम सांभाळून ही जबाबदारी घेतो आणि तिचा हिशेब रुग्णालयाच्या प्रमुखाला देतो. अतिदक्षता विभागात झालेल्या मृत्यूंची नंतर तपासणी होते: हा रुग्ण दाता होऊ शकला असता का, मग हातातून का निसटला? रुग्णालयाला या कामाचा खर्च मिळतो. कुटुंबाशी कसं बोलायचं याचं प्रशिक्षण हजारो डॉक्टर-परिचारिकांना दिलं गेलं. पत्रकारांसाठी चोवीस तास फोन उघडा ठेवला गेला, म्हणजे एखादी अफवा पसरली तर उत्तर त्याच दिवशी मिळावं. पुढे वयस्कर दातेही स्वीकारले जाऊ लागले. आज स्पेनमधल्या निम्म्याहून अधिक दात्यांचं वय 60 च्या वर असतं. मेंदूमृत्यू नसून हृदय थांबल्यानंतरचं दानही तिथे आता मोठ्या प्रमाणावर होतं.

आणि कायदा गृहीत संमतीचा असला, तरी स्पेनमध्ये कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव काढत नाहीत. क्रोएशियाने हीच पद्धत उचलली आणि तिथेही दाते वाढले. माझं स्पष्ट मत असं, की एखाद्या सरकारकडे मोजकेच पैसे असतील तर ते फलकांवर खर्च करण्याआधी समन्वयकांच्या पगारावर आणि प्रशिक्षणावर खर्च व्हावेत.

6. ज्यांचं माणूस नुकतंच गेलं त्यांना अवयव मागणं निर्दयपणाचं नाही का? आणि कायदा डॉक्टरांना ते विचारायला लावतो?

हो, लावतो. भारतात 2011 च्या दुरुस्तीनंतर अतिदक्षता विभागातल्या संभाव्य दात्याच्या नातेवाइकांना दानाच्या पर्यायाची माहिती देणं बंधनकारक झालं. अमेरिकेत 1998 पासून रुग्णालयांना मृत्यूची सूचना अवयव संकलन संस्थेला द्यावीच लागते, आणि कुटुंबाशी बोलणारा माणूस त्यासाठी प्रशिक्षित असावा लागतो.

निर्दयपणा असलाच तर तो विचारण्याच्या पद्धतीत असतो. मृत्यूची बातमी आणि दानाची विनंती एका दमात सांगायची नाही, हा पहिला धडा. आधी उपचार करणारा डॉक्टर बंद खोलीत, बसून, साध्या शब्दांत मृत्यू झाल्याचं सांगतो. 'वाचण्याची शक्यता कमी आहे' असलं धूसर वाक्य वापरायचं नाही, कारण मग घरचे आशा धरून बसतात. त्यानंतर थांबायचं. रडू द्यायचं, फोन करू द्यायचे, गावाहून येणाऱ्यांची वाट पाहायची. घरच्यांच्याच तोंडून 'बाबा गेले' असं आलं, की त्यांनी ते स्वीकारायला सुरुवात केली आहे असं समजायचं. त्यानंतर समन्वयक बोलतो, घाई न करता.

नकारामागे बहुधा भीती असते: शरीर विद्रूप दिसेल, अंत्यविधीला उशीर होईल, बिल वाढेल. शस्त्रक्रियेनंतर शरीर व्यवस्थित शिवून दिलं जातं, चेहरा तसाच राहतो. अवयव काढण्याच्या आणि जपण्याच्या खर्चाचा बोजा दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही, हे कायद्यातच आहे. वेळ मात्र लागतो. तो किती लागेल हे प्रामाणिकपणे सांगावं. 'लगेच होईल' म्हणून बसवून ठेवलेलं कुटुंब पुढे कित्येक वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत राहतं.

7. सरळ पैसे दिले तर दाते वाढतील. सरकार का देत नाही?

कारण मग देणारे गरीब असतात आणि घेणारे श्रीमंत. भारतातला 1994 चा कायदा आला तोच मुळी किडनीच्या बाजारामुळे. आज अवयवांच्या व्यवहारासाठी 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची तत्त्वं आणि 2008 चा इस्तंबूल जाहीरनामाही विक्रीच्या विरोधात आहेत. जिवंत दात्याला मूत्रपिंडासाठी पैसे देण्याची अधिकृत व्यवस्था इराणमध्ये मात्र 1988 पासून आहे.

मोबदला देणं वेगळं आणि दात्याचं नुकसान होऊ न देणं वेगळं. भारत सरकारने 2023 मध्ये अवयव देणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना 42 दिवसांपर्यंत विशेष रजा दिली. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना 30 दिवसांची पगारी रजा आहे. प्रवासखर्च, बुडालेली मजुरी, पुढच्या तपासण्या यांची भरपाईही याच प्रकारात येते. याला विक्री म्हणता येत नाही.

तमिळनाडूने 2023 मध्ये मरणोत्तर दात्यांचे अंत्यसंस्कार शासकीय इतमामात करण्याचं जाहीर केलं. मला हे पाऊल फार योग्य वाटतं. अख्खं गाव ते पाहतं आणि घरच्यांचा निर्णय बरोबर होता यावर सगळ्यांसमोर शिक्कामोर्तब होतं. ओडिशाने दात्याच्या कुटुंबाला 5 लाख रुपये द्यायचं ठरवलं. हेतू चांगला आहे, पण कर्जात बुडालेल्या घराला मृत्यूच्या रात्री हा आकडा कळला, तर त्यांचा होकार मोकळा राहतो का, याची मला काळजी वाटते.

8. जो दाता म्हणून नाव नोंदवतो, त्यालाच गरज पडल्यावर आधी अवयव मिळावा. हे न्याय्य नाही का?

इस्रायलने 2008 च्या कायद्याने हेच केलं: कार्डधारकांना आणि अवयव दिलेल्यांच्या जवळच्या नातेवाइकांना प्रतीक्षा यादीत प्राधान्य. त्यानंतर तिथे नोंदण्या वाढल्या. सिंगापूरमध्ये योजनेतून बाहेर पडणारा यादीत मागे जातो.

अडचण अशी, की कार्ड भरायला काहीच लागत नाही. कार्ड भरून घरच्यांना 'वेळ आली की नाही म्हणा' असं सांगितलं, तर प्राधान्य मिळतं आणि दान टळतं. ज्याला ही योजना कुणी समजावूनच सांगितली नाही, तो गरीब माणूस मागे पडतो तो वेगळाच. तातडीच्या रुग्णाला मागे सारणार नाही इतपत किरकोळ प्राधान्य असेल, तरच हे पटतं.

9. जाहिराती, शपथा, अवयवदान दिन यांचा उपयोग होतो का?

नोंदणीसाठी होतो, पण शब्द तपासून वापरावे लागतात. ब्रिटनमध्ये 2013 मध्ये सरकारी संकेतस्थळावर, वाहनकर भरल्यावर किंवा वाहन परवान्यासाठी नोंदणी केल्यावर दिसणाऱ्या पानावर, दहा लाखांहून अधिक लोकांवर एक प्रयोग झाला. वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी विनंती दाखवली गेली. सगळ्यात चांगला प्रतिसाद आला तो साधारण या अर्थाच्या वाक्याला: तुम्हाला अवयवाची गरज पडली तर तुम्ही घ्याल ना? मग इतरांनाही मदत करा. हसऱ्या माणसांचा फोटो जोडलेल्या विनंतीने मात्र नोंदण्या उलट कमी झाल्या. चांगलाच वाटेल असा फोटो नुकसान करेल हे आधी कुणाला वाटलं असतं?

भारतात 3 ऑगस्टला अवयवदान दिन पाळतात, कारण 1994 मध्ये त्या दिवशी दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण झालं. त्या दिवशी घेतलेली शपथ घरी जाऊन सांगितली, तरच तिचा उपयोग आहे (प्रश्न 3 पाहा).

10. मोठी माणसं रांग मोडून पुढे जातात म्हणे. मग मी कशाला देऊ?

संशय दूर करणं हे सरकारचं काम आहे, तुम्हाला गप्प करणं नाही. जर्मनीत 2012 मध्ये काही प्रत्यारोपण केंद्रांनी रुग्णांच्या नोंदींत फेरफार करून त्यांना यादीत वर चढवल्याचं उघड झालं आणि देशभर दान घटलं. हजारो फलकांनी कमावलेला विश्वास काही खोट्या तपासणी अहवालांनी घालवला.

भारतात मरणोत्तर अवयवाचं वाटप ठराविक क्रमाने होतं: आधी राज्य, मग विभाग, मग देश, मग भारतीय वंशाचे परदेशस्थ आणि सर्वांत शेवटी परदेशी नागरिक. रक्तगट, तातडी, प्रतीक्षेचा काळ हे निकष त्यात असतात. 2023 मध्ये मरणोत्तर अवयवासाठी नाव नोंदवताना असलेली अधिवासाची अट, 65 वर्षांची वयोमर्यादा आणि नोंदणी शुल्क काढून टाकण्याची सूचना केंद्राने राज्यांना केली. रुग्णाची ओळख झाकून वाटपाचा तपशील प्रत्येक वेळी जाहीर केला, तर हा प्रश्न आम्हाला कमी वेळा येईल.

11. धर्माचा विरोध असतो ना?

बहुतेक धर्मांचे मोठे अधिकारी दानाला अनुकूल आहेत; अडचण मेंदूमृत्यू हा मृत्यू मानायचा का, यावर येते. सिंगापूरने मुस्लिमांना सुरुवातीला गृहीत संमतीतून वगळलं होतं आणि धर्मगुरूंच्या मान्यतेनंतर 2008 मध्ये सामील केलं. घाई न करता पटवून घेण्याचा हा चांगला नमुना आहे.

12. मला मधुमेह आहे, वय 70. नोंदणी करण्यात अर्थ आहे?

आहे. कुठला अवयव चालेल हे मृत्यूनंतर तपासून डॉक्टर ठरवतात. स्वतःच स्वतःला बाद करू नका. वयाबद्दल प्रश्न 5 मध्ये आलंच आहे.

13. अपघाताचा मृत्यू असेल, पोलीस केस असेल तर?

दान होऊ शकतं. भारतातल्या कायद्यात त्याची तरतूद आहे. पोलीस आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांच्याशी समन्वय लागतो. 2021 मध्ये केंद्राने सोयी असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला मुभा दिली, ती मुख्यतः याचसाठी. पूर्वी सकाळपर्यंत थांबण्यात अवयव आणि कुटुंबाचा धीर, दोन्ही संपायचं.

14. मृत्यू घरी झाला तर काहीच देता येत नाही का?

हृदय, यकृत, मूत्रपिंड नाही. नेत्रदान आणि त्वचादान मात्र साधारण 6 तासांच्या आत होऊ शकतं. पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि नेत्रपेढीला लगेच फोन करावा. देहदान ही वैद्यकीय महाविद्यालयासाठीची वेगळी गोष्ट आहे आणि तिचा फॉर्मही वेगळा असतो.

15. लहान मूल, बेवारस व्यक्ती, परदेशी पाहुणा यांच्या बाबतीत गृहीत संमती लागू होते?

इंग्लंडमध्ये 18 वर्षांखालील मुलं, निर्णय समजण्याची क्षमता नसलेल्या व्यक्ती आणि 12 महिन्यांपेक्षा कमी काळ राहिलेले लोक यातून वगळले आहेत. भारतात गृहीत संमती नाहीच. मुलाच्या बाबतीत आई किंवा वडील संमती देऊ शकतात. रुग्णालयात 48 तास कुणीही हक्क न सांगितलेल्या मृतदेहाबद्दल कायद्यात तरतूद आहे, पण ती जपूनच वापरायला हवी. ज्याच्यासाठी बोलणारं कुणी नाही, त्याच्या बाबतीत तर अधिकच.

16. माझा अवयव माझ्याच मुलाला मिळावा, असं मरणोत्तर दानात लिहून ठेवता येतं का?

साधारणपणे नाही. मरणोत्तर अवयव यादीप्रमाणेच जातो, नाहीतर रांगेला अर्थ राहत नाही. नात्यातल्या माणसाला द्यायचा असेल तर जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग देण्याची वाट आहे, आणि रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांतल्या अदलाबदलीलाही भारतात 2011 च्या दुरुस्तीने मान्यता दिली आहे. जपानने मात्र 2010 पासून एक अपवाद केला: दात्याने लिहून ठेवलं असेल तर त्याच्या जोडीदाराला, मुलांना किंवा आई-वडिलांना प्राधान्य मिळतं. दात्याने आत्महत्या केली असेल तर हे प्राधान्य रद्द होतं. मुलाला अवयव मिळावा म्हणून एखाद्या आईने किंवा वडिलांनी जीव देऊ नये, यासाठी ही अट घातली आहे.